मनाची ताकद की मंत्राची? फाशांच्या खेळातल्या एका जुन्या भांडणाचा हिशेब

2025 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या कंपनीने ‘सायॉन’ नावाचा नवा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, खेळाडूंपुढे चाचणीसाठी ठेवला. सायॉन म्हणजे नुसत्या मनाच्या बळावर वस्तू हलवणारं, दुसऱ्याच्या डोक्यातलं ऐकणारं पात्र. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत काही पोरं हा खेळ खेळतात. तिथं ही बातमी मोबाइलवर आली आणि लगेच वाद पेटला. दोन मोसमांपासून जादूगार घेऊन बसलेल्या एकाने सरळ विचारलं, “भाऊ, त्याले पॉइंट भेटणार असन तर मी जादूगार काऊन घेऊ?”

प्रश्न रास्त आहे. जगभरातले खेळाडू 1976 पासून हेच विचारत आले आहेत. बाहेरून बघणाऱ्याला मात्र यातलं अक्षरही कळत नाही, म्हणून सुरुवात मुळापासून करतो.

हा खेळ नेमका कसा चालतो

चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यातला एक कथा चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. डीएम सांगतो, “नदीला पूर आलाय, पलीकडून कोणीतरी हाक मारतंय.” खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी माणसांनी 1974 मध्ये हा खेळ छापला. तेव्हापासून तो याच पायावर उभा आहे.

प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो. लढवय्या, चोर, पुजारी, जादूगार असे. पात्राला काय काय येतं, हे क्लासवरून ठरतं. अनुभव वाढला की पात्राची लेव्हल वाढते, 1 पासून 20 पर्यंत.

आता ‘बॅलन्स’ हा शब्द. दोन पात्रांनी सारखंच नुकसान केलं पाहिजे, असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात. मी तसा लावत नाही. संध्याकाळभर बसलेल्या प्रत्येक पोराला ‘माझ्यामुळे काहीतरी घडलं’ असं वाटलं, तर खेळ बॅलन्समध्ये आहे. एकच जण सगळं करतोय आणि बाकीचे मोबाइल चाळताहेत, तर नाही. पुढचं सगळं मी याच मापाने मोजतो.

मंत्रवाला आणि मनवाला

जादूगार पोथीतून शिकतो. मंत्र सोडताना त्याला बहुतेक वेळा शब्द मोठ्याने उच्चारावे लागतात, हाताने मुद्रा करावी लागते, कधी पिशवीतून गंधक नाहीतर पीस काढावं लागतं. सायॉनला सहसा यातलं काही लागत नाही. तो बघतो आणि घडतं.

दुसरा फरक खर्चाचा आहे, आणि भांडण इथंच लागतं. जादूगाराकडे ‘स्लॉट’ असतात. लहान मंत्रांचे इतके, मधल्यांचे इतके, मोठ्यांचे इतके, रात्री झोपून उठलं की परत भरतात. सायॉनला नियमपुस्तकाच्या बहुतेक आवृत्त्यांत एकच ढीग मिळाला आहे, ‘पॉइंट’चा. लहान काम थोड्या पॉइंटात होतं, मोठ्याला जास्त लागतात.

आपल्याकडे हा फरक समजवायला फार लांब जावं लागत नाही. 2023 मध्ये सरकारने अमरावती विभाग, मराठवाडा आणि आमचा वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना रेशनच्या धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात द्यायचं ठरवलं. धान्य होतं तेव्हा गहू वेगळा, तांदूळ वेगळा, एकाचं दुसरं करता येत नव्हतं. पैसे आले की ते कशावरही जाऊ शकतात, औषधावर, खतावर, किंवा एकाच दिवशी सगळे एका गोष्टीवर. रक्कम पुरते का, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण हातात रोकड असली की मोकळीक वाढते आणि एका झटक्यात सगळं संपवण्याची शक्यताही वाढते, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. स्लॉट हे धान्य आणि पॉइंट ही रोकड, एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

सत्तावीस पॉइंटचं गणित

तोंडी वाद घालण्यापेक्षा आकडे मांडू. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला पहिल्या प्रतीचे (प्रत म्हणजे मंत्राची पायरी, पहिली सगळ्यात लहान) 4, दुसऱ्या प्रतीचे 3 आणि तिसऱ्या प्रतीचे 2 स्लॉट मिळतात. डीएमच्या पुस्तकात एक ऐच्छिक नियमही आहे, ज्यात त्याच जादूगाराला स्लॉटऐवजी पॉइंट देता येतात. पहिल्या प्रतीच्या मंत्राला 2, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 5 पॉइंट. बेरीज करा, आठ आणि नऊ सतरा, त्यात दहा, म्हणजे 27. कागदावर दोघांची शिल्लक तंतोतंत सारखी आहे.

आता फायरबॉल घ्या. तिसऱ्या प्रतीचा, सहा बाजूंच्या आठ फाशांचा, सरासरी 28 नुकसान करणारा आगीचा गोळा. स्लॉटवाला दिवसात दोन टाकतो. पॉइंटवाला 25 पॉइंटात पाच टाकतो. क्लास तोच, लेव्हल तीच, शिल्लक तीच, फक्त पैसे मोजायची पद्धत बदलली. त्या दिवशी एकच लढाई झाली, तर पॉइंटवाल्याने मैदान साफ केलं आणि बाकीचे बघत राहिले.

पण दिवस तिथं संपला नाही तर? पाच गोळे टाकलेल्याकडे 2 पॉइंट उरले, म्हणजे एक लहानसा मंत्र. एकूण सहा मंत्रांत त्याचा दिवस आटोपला. स्लॉटवाल्याकडे नऊ होते. दुपारी दरड कोसळली, संध्याकाळी कोणाला साप चावला, रात्री छावणीवर हल्ला झाला, तेव्हा कामी येतो तो जादूगार.

म्हणून कोणता क्लास भारी, याचं उत्तर दिवस किती लांब आहे ते कळल्याशिवाय देताच येत नाही. त्या आवृत्तीच्या डीएमच्या पुस्तकात एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी झेपतील असं धरलं आहे. आमच्याकडे पोरं कापूस वेचून, दूध घालून, जेवून येतात. तीन तासांत एक लढाई होते, फार तर दोन. मग “आता झोपतो, सकाळी उठू” म्हणून वही मिटतात. इथंच पॉइंटवाल्याला फुकटचा फायदा मिळतो. उपाय अगदी साधा आहे. आपली बैठक संपली म्हणून कथेतला दिवस संपत नाही. वहीच्या शेवटी लिहून ठेवायचं, ‘दुपारचे दोन, सायॉनकडे 4 पॉइंट शिल्लक’, आणि पुढच्या शनिवारी तिथूनच उचलायचं. हा एक बदल केला तरी अर्धी तक्रार जाते, असा माझा ठाम अनुभव आहे.

मग पॉइंट बंदच केले तर?

असं सुचवणारे भेटतात. त्यांना मी 3.5 आवृत्ती, म्हणजे तिसरीची सुधारलेली आवृत्ती, वाचायला सांगतो. 2004 मध्ये आलेल्या तिच्या मनःशक्तीच्या पुस्तकात हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवलेला आहे, आणि लोकांनी त्यातला कळीचा नियमच वाचलेला नसतो.

तो नियम असा की कोणत्याही एका शक्तीवर तुमच्या लेव्हलपेक्षा जास्त पॉइंट एका वेळी घालता येत नाहीत. पाचव्या लेव्हलच्या सायॉनकडे, बुद्धीचे जादा पॉइंट सोडून, 25 पॉइंट असतात. ‘एनर्जी बोल्ट’ ही शक्ती 5 पॉइंटात पाच फाशांचं नुकसान करते आणि पुढे दर पॉइंटाला एक फासा वाढतो. मर्यादा वाचली नाही, तर पोरगा 25 पॉइंट एकदम ओततो आणि पंचवीस फासे उचलतो. राक्षस मेला, डीएम हादरला, आणि ‘सायॉन बंद’ असा गावठराव झाला. मर्यादा पाळली तर पाचच फासे, तिथल्या त्याच लेव्हलच्या जादूगाराच्या फायरबॉलइतकेच.

उलटी बाजू तर कोणी बोलतच नाही. त्या आवृत्तीत जादूगाराचा फायरबॉल लेव्हलबरोबर आपोआप वाढतो. दहाव्या लेव्हलला तिसऱ्या प्रतीच्या त्याच स्लॉटातून दहा फासे निघतात, वर एक दमडी न देता. सायॉनला दहा फाशांसाठी रोख 10 पॉइंट मोजावे लागतात, त्याच्या 88 मधून. मोठ्या दिवसात तोच आधी कंगाल होतो. तेव्हा पॉइंटवर राग काढण्यात अर्थ नाही.

बदनामी कुठून आली

जुन्या खेळाडूंचा मनःशक्तीवरचा राग पहिल्या आवृत्तीतून आला आहे, आणि तो राग खरा होता. ही शक्ती खेळात प्रथम 1976 च्या एका पुरवणीत आली. 1978 च्या खेळाडूंच्या पुस्तकात ती परिशिष्टात होती. बुद्धी, शहाणपण किंवा व्यक्तिमत्त्व यांपैकी एक आकडा 16 किंवा वर असला, तर मूळ एक टक्का आणि वर थोडी भर, एवढ्या शक्यतेवर फासा टाकायचा. लागला तर तुमच्या लढवय्याला लढाईसोबत मनःशक्तीही मिळाली, क्लास न बदलता. शेजारी बसलेल्याला काही नाही. त्यात मनाचं मनाशी युद्ध इतक्या बारीक वेळेच्या तुकड्यांत चालायचं की नेहमीच्या एका फेरीत दोघांचे कितीतरी वार होऊन जायचे आणि बाकीचे हात बांधून बसायचे. मघाच्या मापाने मोजलं तर याहून वाईट बॅलन्स शोधून सापडणार नाही.

1991 मध्ये दुसऱ्या आवृत्तीने मनःशक्तीचा स्वतंत्र क्लास केला. त्याच वर्षी ‘डार्क सन’ नावाचं एक जग आलं आणि माझ्या मते बॅलन्सचा सगळ्यात सखोल विचार तिथं झाला. उन्हाने करपलेलं, पाणी नसलेलं ते जग. तिथं मनःशक्ती थोडीफार प्रत्येक नायकाकडे असते, पण जादू मातीतून आणि झाडापाल्यातून जीव ओढून घेते. हावरा जादूगार मंत्र सोडतो तेव्हा त्याच्या पायाखालची हिरवळ राख होते आणि ती जमीन नापीक होते. म्हणून लोक जादूगाराचा तिरस्कार करतात, त्याला लपून राहावं लागतं. जादूवरची मर्यादा तिथं आकड्यांत कमी आणि लोकांच्या डोळ्यांत जास्त आहे. काळ्या मातीवर वाढलेल्या आमच्या पोरांना हे समजवावं लागलं नाही. आग टाकण्याआधी एकीने विचारलं, “भाऊ, कोणाच्या वावरात उभी आहो मी?” स्लॉट आणि पॉइंट यांच्या कोणत्याही तक्त्याने असा प्रश्न विचारायला लावलं नसतं.

खरी अडचण: जे दिसत नाही ते अडवणार कसं

नुकसानीचे आकडे जुळवता येतात. मला जास्त काळजी आहे ती सायॉनच्या शांतपणाची.

जादूगार दरबारात उभा राहून मंत्र म्हणायला लागला की पहारेकरी धावतात. शत्रूकडच्या जादूगाराला ‘काउंटरस्पेल’ येत असेल तर 60 फुटांवरून तो मंत्र हवेतच मोडतो. पण त्यासाठी समोरचा मंत्र टाकतोय हे दिसायला हवं. शब्द नाहीत, मुद्रा नाही, वस्तू नाही, तर दिसणार काय? सायॉन राजासमोर हात जोडून उभा राहील, हसेल, आणि राजाचं मन फिरलेलं असेल. 2020 मध्ये आलेल्या एका उपक्लासला, म्हणजे क्लासच्या पोटशाखेला, सहाव्या लेव्हलपासून हेच जमतं, खास पॉइंट खर्चून बिनशब्द, बिनमुद्रा मंत्र. एवढ्या एका सोयीची किंमत मी पाच फायरबॉलपेक्षा जास्त धरतो. कारण लढाई नसलेल्या प्रसंगात, जिथं चोर, भाट, बोलका पुजारी यांना पुढे यायची संधी असते, तिथं सायॉन एकटाच सगळं गुपचूप आटोपतो.

यावर दोन चांगली उत्तरं छापून आलेली आहेत. 3.5 आवृत्तीत प्रत्येक शक्तीला एक खूण असते. कुठे कानात घुमणारा आवाज, कुठे डोळ्यांत चमक, कुठे विचित्र वास. ती दाबायची असेल तर एकाग्रतेचा फासा टाकावा लागतो, 15 अधिक शक्तीची प्रत इतका. चुकला तर सगळ्यांना कळतं. ‘पाथफाइंडर’ या भावंड-खेळाने 2015 मध्ये दुसरी वाट काढली. तिथं मनोमंत्राला शब्द-मुद्रेऐवजी विचार आणि भावना लागतात. त्या माणसाला घाबरवलं तर भावनेचा मंत्र त्याला टाकताच येत नाही. म्हणजे जादूगाराचं तोंड बांधायचं आणि सायॉनला भीती दाखवायची, दोघांनाही अडवायला एकेक वाट झाली. मला ही दुसरी कल्पना फार आवडते, कारण ती लढवय्याच्या आरोळीलाही काम देते.

रहस्यकथा चालवणाऱ्या डीएमला आणखी एक भीती असते. जिनिंगमधल्या गाठी कोणी पळवल्या याची कथा रचायची आणि सायॉनने मुनिमाचं मन वाचून पाच मिनिटांत संपवायची. इथं एक लक्षात घ्या, मन वाचायचा मंत्र जादूगाराकडेही आहे, दुसऱ्या प्रतीचा. आणि त्याच्या नियमात उत्तरही आहे. वरवरचे, त्या क्षणाचे विचार तेवढे कळतात. खोल शिरायचं तर समोरच्याला फासा टाकून अडवायची संधी मिळते, आणि कोणीतरी आत शिरलंय हे त्याला समजतं. शिवाय मुनिमाच्या डोक्यात जे असेल ते त्याला खरं वाटणारं असतं, खरंच असेल असं नाही. त्याच्या मते गाठी त्याच्या साळ्याने नेल्या. साळ्याला विचारायला तर जावंच लागेल.

दोन्ही एकच की वेगळं?

जादू शोधणारा मंत्र सायॉनची शक्ती शोधू शकतो का? जादूपासून वाचवणारं कवच मनाच्या माऱ्यापासून वाचवतं का? नव्या टेबलावर पहिल्या दिवशीच ठरवायची गोष्ट आहे ही.

आपल्या परंपरेत याला सुंदर आधार आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र म्हणतं, ‘जन्मौषधिमन्त्रतपःसमाधिजाः सिद्धयः’. जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी, अशा पाच वाटांनी सिद्धी मिळते. मंत्र वेगळा, समाधी वेगळी, पण हाती येणारी सिद्धी एकाच नावाची. 3.5 आवृत्तीचा मूळ नियमही याच धाटणीचा आहे. वाट वेगळी असली तरी एकाची शक्ती दुसऱ्याच्या मंत्राने अडते, मोडते, ओळखू येते. दोन्ही पूर्ण वेगळ्या धरायचा पर्यायही पुस्तकाने दिला आहे, पण तो घेतला की सायॉनसमोर सगळ्या जगाची कवचं निकामी होतात आणि प्रत्येक शत्रूला दुहेरी बंदोबस्त द्यावा लागतो. मी एकच धरतो. वेगळेपणाची गोडी वर्णनात ठेवता येते, त्यासाठी नियमात भिंत बांधायची गरज नाही.

“पोरं जादूटोणा तर शिकत नाहीत ना?”

हा प्रश्न आमच्याकडे वडीलधारे विचारतात आणि त्यांना आदराने उत्तर दिलं पाहिजे. ज्या राज्यात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथं एखाद्या आजोबांनी नातवाच्या वहीत ‘मन वाचणे, 3 पॉइंट’ असं वाचून चिंता करणं अगदी स्वाभाविक आहे. मी त्यांना बोलावून शेजारी बसवतो आणि ती वही दाखवतो. प्रत्येक शक्तीपुढे किती लांबवर चालते, किती वेळ टिकते, काय खर्च होतो आणि कशाने अडते, हे लिहिलेलं असतं. कोणी “माझ्यात शक्ती आहे” म्हणालं की बाकीची चार पोरं पुस्तक उघडून विचारतात, “कोणत्या पानावर लिवलं हाय?” करणी-भानामतीचा धंदा करणारा हा प्रश्न सहन करत नाही. खेळ तोच प्रश्न दर शनिवारी विचारायला लावतो, म्हणून मला या पोरांची काळजी वाटत नाही.

नव्या खेळाडूला कोणता क्लास द्यावा

कंपनीनेही या बाबतीत बऱ्याच वाटा चाचपल्या. 2015 ते 2017 दरम्यान ‘मिस्टिक’ नावाचा मनःशक्तीचा क्लास तीनदा चाचणीला आला. बरा करणारा, मारणारा, लपणारा, सगळं एकाच पात्रात बसायला लागल्याने त्यावर टीका झाली आणि तो पुस्तकात आलाच नाही. मग 2020 मध्ये पॉइंट सोडून काही उपक्लासना थोडे ‘सायॉनिक फासे’ दिले, तिसऱ्या लेव्हलला चार. 2025 च्या चाचणीतल्या सायॉनकडे स्पेल स्लॉट आहेत आणि हे फासेही, म्हणजे थोडं धान्य, थोडी रोकड.

मराठी माध्यमातल्या पोरांसाठी माझा सल्ला मात्र जुन्या सायॉनचा आहे. नियम इंग्रजीत आहेत, हा आपल्याकडचा मोठा अडसर आहे, आणि त्याचा बॅलन्सवर परिणाम होतो. जो भराभर वाचतो त्याचा जादूगार आपोआप भारी पडतो, कारण यादीतले उपयोगी मंत्र त्यालाच सापडतात. 3.5 चा सायॉन पहिल्या लेव्हलला तीनच शक्ती जाणतो. तीन शक्ती मराठीत एका पानावर लिहून देता येतात, आणि पॉइंट वाढवून त्याच शक्ती पुढे मोठ्या होतात. त्या आवृत्तीचे मनःशक्तीचे नियम मुक्त परवान्याखाली आहेत, वाचायला पैसे लागत नाहीत. पहिल्या लेव्हलपासून सुरू करा, एका शक्तीवर लेव्हलपेक्षा जास्त पॉइंट नाहीत हे पानाच्या माथ्यावर लाल शाईने लिहा, आणि प्रत्येक शक्तीची खूण, म्हणजे आवाज, चमक की वास, ज्याचं पात्र त्यालाच ठरवू द्या.